जिनेवाल्याची उंच गाडी

जिनेवाल्याने गाडी घेतली आणि त्याला बोलायला विषय मिळाला. तसा तो आधीही काही मुखदुर्बळ नव्हता, पण जिने बनवणाऱ्या माणसाकडे चारचौघांत सांगण्यासारखं असून असून काय असणार? पायरी किती उंच असावी, कठडा किती भक्कम असावा, वळणावर पाय कसा पडतो. लोक थोडा वेळ माना डोलवायचे आणि मग घड्याळात बघायचे. गाडी आली आणि सगळं पालटलं. कुणी नुसतं ‘काय, कसं काय?’ विचारायचा अवकाश, की हा बोटात किल्ली फिरवत सुरू व्हायचा. कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. बाहेरून आटोपशीर, आतून ऐसपैस. गल्लीत वळते आणि खड्ड्याला भीत नाही. आणि मुख्य म्हणजे उंच आहे हो! उंच बसलं की सगळं वरून दिसतं.

हे ‘सगळं वरून दिसतं’ तो इतक्यांदा म्हणायचा, की गल्लीतली माणसं तो तोंड उघडायच्या आतच त्याचं वाक्य पुरं करून मोकळी व्हायची. त्याला त्यातली थट्टा कळायची नाही. आपलं म्हणणं लोकांना पटलं, असंच तो धरून चालायचा.

‘आईसाठी घेतली,’ हे त्याचं दुसरं वाक्य. ‘या वयात तिला त्या डबड्यात किती दिवस कोंबायचं?’

डबडं म्हणजे त्याची आधीची छोटी गाडी. त्या बिचारीने वर्षानुवर्षं त्याच्या फळ्या, त्याचे कठडे आणि त्याचं कुटुंब एकाच वेळी वाहून नेलं होतं आणि कधी रस्त्यात दगा दिला नव्हता. नवी गाडी दारात आल्या दिवसापासून ती डबडं झाली. कोपऱ्यावर लाँड्री चालवणाऱ्या बाईंना कपडे पोचवायला काहीतरी हवं होतं, त्यांना त्याने ती विकून टाकली, आणि वर ‘चालतेय तोवर चालवा’ असा सल्लाही फुकटात दिला.

आईसाठी घेतली हे मात्र अगदीच खोटं नव्हतं. आईची एक धाकटी बहीण होती. पुलापलीकडे राहायची. पडून कमरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. दर गुरुवारी दुपारी जिनेवाला आईला तिच्याकडे सोडायचा आणि दिवेलागणीला आणायला जायचा. मधल्या वेळात दोघी बहिणी पत्ते खेळायच्या, एकमेकींची पानं चोरायच्या, लहानपणच्या कुठल्यातरी फ्रॉकवरून भांडायच्या. मावशीचा सगळा आठवडा त्या एका दुपारवर चालायचा. आईचाही तसाच, फक्त ती बोलून दाखवायची नाही. तर या गुरुवारांसाठी गाडी चांगली हवी, आईचे गुडघे आता सांभाळायला हवेत, असं जिनेवाल्याच्या मनात आलं, आणि इथपर्यंत त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

घोड्याने पेंड खाल्ली ती शोरूममध्ये. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. गाडीच्या उघड्या दाराकडे बघून ती म्हणाली, ‘अहो, आईंना जमेल का चढायला? एकदा आणून बसवून बघूया ना त्यांना.’

जिनेवाल्याला हसू आलं. ‘अगं, जिने कोण बनवतं? तू की मी?’

आणि त्याने खिशातून टेप काढली. ही टेप त्याच्या खिशात लग्नातसुद्धा होती, असं बायको सांगते. त्याने डिकीची लांबी मोजली. मागच्या सीटची रुंदी मोजली. गाडीच्या पोटाखाली हात घालून ती जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं आणि विक्रेत्याकडे बघून समाधानाने मान हलवली. मोजली नाही ती फक्त जमिनीपासून सीटपर्यंतची उंची. ज्या एका मापावर त्याचं घर चालत होतं, तेवढं एकच माप त्याने घेतलं नाही. आपल्या कारखान्यात तो गिऱ्हाइकांना दरडावून सांगायचा, ‘सात इंचांच्या वर गेली ना, की ती पायरी राहत नाही, भिंत होते. घरात म्हातारं माणूस असेल तर विचारायलाच नको.’ आणि हाच माणूस त्या भिंतीसमोर उभं राहून रंग कुठला घ्यावा याचा विचार करत होता.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी आई आली. दार उघडलं. आईने एक पाय उचलला, तो हवेतच थोडा वेळ विचार करत राहिला आणि परत खाली आला. मग दुसरा उचलून बघितला. मग आतून विक्रेत्याने हात धरले, मागून जिनेवाल्याने आधार दिला, बायकोने पर्स आणि चष्मा धरला, आणि एकदाची आई आत पोचली. केस विस्कटलेले, श्वास लागलेला. तशाच अवस्थेत तिने आजूबाजूला बघितलं आणि ती म्हणाली, ‘छान आहे हो.’

जिनेवाल्याच्या कानांनी त्यातलं ‘छान’ तेवढं टिपलं आणि बाकी सगळं सोडून दिलं.

पुढच्या गुरुवारी मावशीच्या इमारतीपाशी उतरताना आईचा पाय जमीन शोधत राहिला. जमीन काही सापडेना. आई वरच्या हँडलला लोंबकळली. पहारेकरी धावत आला, त्याने धरलं म्हणून निभावलं. एवढं झाल्यावर कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता. जिनेवाल्याच्याही पडला, पण भलतीकडेच. गाडी चुकली असं काही त्याला वाटलं नाही. गाडीला जिना नाही, एवढाच त्याला दोष दिसला.

मग काय विचारता! कारखान्यातली सगळी कामं बाजूला पडली. त्याने आधी दोन पायऱ्यांचं एक ठोकळेबाज स्टूल केलं. ते हललं, म्हणून तीन पायऱ्यांचं केलं. मग त्याला घडी घालता येईल अशी सोय केली, एका बाजूला कठडा लावला, पायऱ्यांवर रबर चिकटवलं आणि वर पॉलिश मारलं. चीज अशी झाली होती की बघत राहावं. गुरुवारी हा घडीचा जिना डिकीत टाकून तो आईला घेऊन निघाला, आणि मावशीच्या इमारतीसमोर त्याने भर रस्त्यात गाडी थांबवून जिना उलगडला.

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजू लागले. फुटपाथवरची माणसं थांबली. आई कठडा धरून एक एक पायरी उतरू लागली आणि दोन पोरींनी टाळ्या वाजवल्या.

‘अरे, मी काय भाषण द्यायला आलेय?’ आई दातांतल्या दातांत म्हणाली.

परत जाताना तर आणखीच पंचाईत झाली. जिना चढून आई वरच्या पायरीवर आली खरी, पण तिथून आत शिरायचं तर मान वाकवायची, कंबर वळवायची आणि एक पाय आत ओढायचा, हे सगळं एकदमच करायला हवं. जिन्याच्या शेवटी माणसाला नीट उभं राहायला जागा लागते, हे जिनेवाल्याने शंभर जणांना ऐकवलं होतं. इथे जिन्याच्या शेवटी छताची कड होती, आणि ती आईच्या कपाळाला लागली.

‘लागलं का?’

‘छे, छे. चांगला केलायस रे जिना.’

त्या दिवसानंतर तो जिना स्वयंपाकघरात आला. आई त्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून मटार सोलू लागली. ‘बसायला अगदी बेताच्या उंचीचा आहे,’ असं तिने एकदा म्हटलं, आणि आमचा शहाणा त्यावरही खूश झाला.

मग गुरुवार यायचा आणि आईचं डोकं दुखायचं. कधी रात्री झोप लागलेली नसायची. कधी म्हणे मावशीचीच फोनवर गाठ पडली, तिलाच आज कंटाळा आलाय. जिनेवाला दाराशी किल्ली घेऊन उभा असायचा, ‘बघ हं, सोडतो मी,’ म्हणायचा, आणि आईने नको म्हटलं की ‘बरं, पड तू’ म्हणून कारखान्यात जायचा. आईचं वय झालं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. थोडं वाईटही वाटलं त्याला. पण खरं सांगायचं तर ते वाईट वाटणंही सोयीचं होतं, कारण वयाला कुणी इलाज करू शकत नाही आणि गाडीला दोष लागत नाही.

अशातच एका रविवारी शोरूममधून फोन आला. मालक समाधानी आहेत का, याची चौकशी. जिनेवाल्याने फोन मोठ्या आवाजावर लावला, घरातल्यांनाही ऐकू जायला हवं म्हणून.

‘सर, गाडी चालवण्याच्या अनुभवाला दहापैकी किती गुण द्याल?’ पलीकडची मुलगी विचारत होती.

‘दहा.’

‘दिसण्याला?’

‘दहा. अकरा देता येत असतील तर अकरा.’

‘आणि सर, घरातली ज्येष्ठ मंडळी? त्यांना गाडी कितपत सोयीची वाटते?’

‘दहा!’ जिनेवाला गरजला. ‘अहो, आईसाठीच तर घेतली!’ आणि त्याने आईकडे बघितलं.

आई जिन्यावर बसून मटार सोलत होती. तिने मान डोलावली. बायको दारात उभी होती. ती काही तरी बोलणार होती, पण सासूबाईंनी नजरेनेच तिला गप्प केलं, आणि ती मूग गिळून आत निघून गेली. जिनेवाल्याने हे बघितलं. त्याचा अर्थ त्याने असा लावला की तिच्या पसंतीचा रंग घेतला नाही, हे बायकोच्या अजून मनाला लागलंय.

त्यानंतरच्या गुरुवारी त्याचा मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्यालाही गाडी घ्यायची होती आणि भाऊजी एवढं तोंडभरून सांगतात म्हटल्यावर त्याने हीच घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. एकदा फेरफटका मारून बघू, म्हणाला. आईचं डोकं त्या दिवशीही दुखतच होतं, तेव्हा जिनेवाला मोकळा होता. त्याने मेहुण्याला शेजारी बसवलं आणि गाडी थेट मोठ्या रस्त्याला काढली.

‘बघ, बसल्याबरोबर कसं वाटतं? सगळं वरून दिसतं की नाही?’

‘दिसतं खरं,’ मेहुणा म्हणाला.

पुलाच्या अलीकडे सिग्नल लागला. जिनेवाला ग्राउंड क्लिअरन्सवर बोलत होता. शेजारी एक छोटी गाडी येऊन थांबली आणि सवयीने त्याने खाली बघितलं. गाडी ओळखीची होती. दारावरचा ओरखडा तर त्याच्याच हातचा, कठडा गाडीत घालताना पडलेला. चालवत होत्या लाँड्रीवाल्या बाई. आणि त्यांच्या शेजारी आई बसली होती.

आई हसत होती. साधंसुधं नव्हे, तोंड उघडून, डोळे मिटून, डॅशबोर्डवर थापा मारत. बाई काहीतरी सांगत होत्या आणि आई ‘पुरे, पुरे’ असा हात करत होती. आईला असं हसताना जिनेवाल्याने कधी बघितलं होतं, ते त्याला आठवेना.

‘भाऊजी,’ मेहुणा म्हणाला, ‘त्या खालच्या गाडीत तुमच्या आई आहेत ना?’

‘छे!’ जिनेवाला म्हणाला. ‘आईचं डोकं दुखतंय. ती घरी झोपलीय.’

हे तो आईकडे बघत म्हणाला. आणि तिने आपल्याला बघू नये म्हणून स्टिअरिंगवर वाकला, पण या गाडीत लपायला जागा कुठे होती? मुद्दाम उठून दिसावी म्हणूनच ती घेतलेली. तो तिथे चांगला टांगून ठेवल्यासारखा दिसत असणार. सिग्नल सुटला. आईने काही वर बघितलं नाही. मेहुणा भला माणूस, तो समोरच्या पुलाकडे डोळे लावून बसला.

मागे गाड्या ओरडल्या तेव्हा जिनेवाला भानावर आला आणि त्या छोट्या गाडीच्या मागे निघाला. मावशीच्या इमारतीपासून जरा अलीकडे त्याने गाडी उभी केली. ते दोघं आतूनच बघत राहिले. छोट्या गाडीचं दार उघडलं. आईने दोन्ही पाय बाहेर काढून जमिनीवर ठेवले, दाराला हात लावला आणि उठून उभी राहिली. कुणी धरलं नाही, कुणी ढकललं नाही. बाईंनी मागून धुतलेल्या चादरींचा गठ्ठा काढून पहारेकऱ्याकडे दिला आणि आई त्याच्याबरोबर लिफ्टकडे चालू लागली. एवढंसं काम. जिनेवाल्याने ते हजार वेळा बघितलं होतं आणि तेव्हा त्यात बघण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

‘डोकं दुखायचं थांबलं वाटतं त्यांचं,’ मेहुणा हळूच म्हणाला.

संध्याकाळी जिनेवाल्याने बायकोला गाठलं. ती वह्या तपासत होती.

‘तुला माहीत होतं?’

तिने कशाबद्दल म्हणून विचारलंसुद्धा नाही. ‘हो.’

‘आणखी कुणाला?’

‘अख्ख्या गल्लीला. बाई दर गुरुवारी तिकडच्या चादरी पोचवायला जातात, मावशींच्याही असतात त्यात. आईंनीच एकदा विचारलं त्यांना, मला न्याल-आणाल का म्हणून.’

‘आणि मला कुणी सांगितलं नाही?’

‘आई नको म्हणाल्या. इतक्या हौसेनं घेतलीय, त्याचं मन मोडेल म्हणाल्या.’ बायकोने लाल पेनाचं टोपण लावलं. ‘आणि सांगून काय फरक पडणार होता? दहापैकी दहा देत होतात की तुम्ही.’

जिनेवाल्याला राग यायला हवा होता. तो आणायचा त्याने प्रयत्नही केला. पण कुणाचा आणायचा? आई गुरुवारची वाट बघत होती, गुरुवारी जात होती, आणि आपल्यापासून ते लपवत होती. आपल्या आईला आपल्या समाधानाची एवढी भीती वाटावी, याची त्याला भयंकर लाज वाटली. जेवणाच्या वेळी त्याने आईकडे बघून ‘डोकं कसं आहे?’ विचारलं. ‘आता बरं आहे,’ आई म्हणाली, आणि त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो लाँड्रीत गेला. बाई इस्त्री करत होत्या. सगळीकडे वाफ होती. त्याने घसा साफ केला.

‘बाई, तुमची गाडी मला परत द्याल?’

‘का हो? काय झालं?’

‘बदल्यात माझी घ्या. नवी आहे, उंच आहे. कपडे भरपूर बसतील.’

बाईंनी इस्त्री उभी केली. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यांना सगळं कळलंय हे त्यालाही कळलं.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘मी समाधानी आहे.’

‘समाधानी’ हा शब्द इतके दिवस त्याच्या एकट्याच्या मालकीचा होता. आता कळलं की समोरच्याच्या तोंडून तो ऐकताना कसं वाटतं.

‘आणि काकूंना नेणं काही मी उपकार म्हणून करत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘दिवसभर या वाफेत उभी असते. आठवड्यात एकदा कुणीतरी शेजारी बसून बोलतं. मी ती गाडी कुणाला देणार नाही.’ त्यांनी पुढचा शर्ट ओढला. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘मागे जागा असते म्हणा. गुरुवारी यायचं असेल तर या. चादरी मांडीवर घ्याव्या लागतील.’

दुपारी मेहुण्याचा फोन आला. ‘भाऊजी, मग काय करू? नक्की करू का गाडी?’

‘आधी तुझ्या आईला तिथे ने आणि बसवून बघ,’ जिनेवाला म्हणाला. ‘स्वतःच्या आईला. आणि त्या छान म्हणाल्या तर ऐकू नकोस, त्यांच्या पायांकडे बघ.’

‘आणि तुमची गाडी?’

‘माझी फार चांगली आहे. मी एकटा असलो की एकदम झकास.’

गुरुवारी आईचं डोकं दुखलं. ‘बरं, पड तू,’ जिनेवाला म्हणाला आणि घराबाहेर पडला. तो लाँड्रीपाशी गेला आणि छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर शिरून बसला. गुडघे हनुवटीला लागले. चादरींचा गठ्ठा मांडीवर आला. इतकी वर्षं ही गाडी आपली होती आणि आपण मागे एकदाही बसलो नव्हतो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

थोड्या वेळाने आई आली. डोकं दुखणाऱ्या बाईसारखी मुळीच चालत नव्हती. ठेवणीतली पर्स होती हातात. तिने दार उघडलं, पाठमोरी होऊन अलगद बसली, पाय आत घेतले, आणि मग तिला मागे कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

‘अगं बाई!’

‘मीच आहे, आई.’

आईच्या मानेवर लाली चढली. चोरी पकडलेल्या मुलीसारखं तिने पर्स घट्ट धरली. चोर खरं म्हणजे मागे बसला होता.

‘कारखाना उघडा टाकून आलास?’

‘आई, माझं चुकलं.’

‘तुझं काय चुकलं? गाडी चांगलीच आहे रे. माझे मेले गुडघेच—’

‘गुडघे आधीपासून होते, आई. गाडी नंतर आली.’

बाईंनी गाडी सुरू केली. पुलापाशी बाईंनीच कुठल्यातरी गिऱ्हाइकाची गोष्ट काढली, त्याच्या पँटच्या खिशात म्हणे दाताची कवळी निघाली. आईने हसू दाबून बघितलं, पण ते काही दबलं नाही. जिनेवाला मागून आईचे हलणारे खांदे बघत राहिला.

मावशीकडे तो चादरी घेऊन आईच्या मागोमाग वर गेला. मावशीने उशीवरून मान उचलली आणि त्याला बघितल्याबरोबर तोंडाचा पट्टा सोडला.

‘ये! आलास का एकदाचा? दर गुरुवारी खालच्या खाली पळतोस ना रे? आई सांगते, गाडी लावायला जागा नसते, कामाची घाई असते, पण मला सोडायला येतो हो न चुकता. म्हटलं, आईला सोडायला येतो आणि मावशीचं तोंड बघायला दोन मिनिटं नाहीत? मोठी गाडी घेतली म्हणून तूही मोठा झालास?’

जिनेवाल्याने आईकडे बघितलं. आई खुर्चीत बसून पत्ते पिसत होती, आणि पिसण्याकडेच तिचं सगळं लक्ष होतं. म्हणजे एवढे सगळे गुरुवार तो इथे येत होता. आईने त्याला दर गुरुवारी आणलं होतं, खाली गाडी लावायला जागा शोधत ठेवलं होतं. आता मान खाली घालून ‘चुकलं मावशी, घाई असते’ म्हटलं, की काम भागणार होतं. मावशी आणखी थोडं बोलली असती आणि विषय संपला असता. कुणाचंच काही बिघडलं नसतं.

‘मावशी, मी आलोच नव्हतो,’ तो म्हणाला. ‘गेल्या इतक्या गुरुवारांत एकदाही नाही. आईला माझ्या गाडीत चढता येत नाही. तिला लाँड्रीवाल्या बाई आणतात. आणि मला हे माहीतसुद्धा नव्हतं.’

पत्ते पिसायचा आवाज थांबला. मावशीने त्याच्याकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं.

‘मग तू माझ्याशी कशाला खोटं बोललीस गं? याची लाज झाकायला?’

‘याची कशाला झाकू?’ आई म्हणाली. तिने पत्ते मांडीवर ठेवले आणि त्यांच्या कडा जुळवत बसली. ‘मलाच बरं वाटायचं. लेक इथवर सोडून गेला, असं म्हणायला मला बरं वाटायचं.’

जिनेवाला चादरी धरून होता तसाच पलंगाच्या कडेला बसला, आणि आईकडे बघायची काही त्याची छाती होईना. त्याचे डोळे भरून आले होते.

आईनेच मग खुर्ची पुढे ओढली.

‘त्या चादरी ठेव बाजूला,’ ती म्हणाली. ‘तुलाही पानं वाटते.’